देवाच्या मनाचा शोध आणि आपल्या पिढ्या

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३:१-१८, १ इतिहास २८:१-१०, स्तोत्र ७८:१-८



दावीद हा देवाच्या ‘मनासारखा’ मनुष्य होता, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेत असतानाच ऐकले आहे. शौलाचे राज्य टिकणार नाही असे सांगताना शमुवेल हा शब्द उच्चारतो (१ शमुवेल १३:१४) आणि पुढे पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात पौल त्याचा पुनरुच्चार करतो (प्रेषितांची कृत्ये १३:२२). हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ काय, असे आपण सहसा विचारीत नाही. मुले मात्र विचारतात.

दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर मयूर विहार ही मोठी वसाहत आहे. तेथे सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक प्रार्थनासभा रविवारी सायंकाळी कोणाच्या तरी घरी भरते. आजी-आजोबा नोकरीच्या निमित्ताने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून, पुण्याहून, सोलापूरकडून येथे आले. त्यांची मुले येथेच वाढली. नातवंडांना मराठी समजते, थोडे बोलता येते, पण ती वाचतात हिंदी किंवा इंग्रजी. अशा एका सभेत दावीदाच्या चरित्रावर मनन चालू असताना अकरावीतील एका मुलाने विचारले, “आजोबा, राजा देवाच्या मनासारखा आहे, हे उरीयाला कोणी सांगितलं होतं का?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका वडीलधाऱ्या बंधूंनी, असे प्रश्न प्रार्थनेत विचारू नयेत, असे सौम्यपणे सुचविले आणि पुढचे गीत सुरू झाले. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना पवित्र शास्त्राचा मान राखावयाचा होता. परंतु माझ्या मते त्या सायंकाळी शास्त्राचा अधिक मान त्या मुलाने राखला, कारण त्याने ते मन लावून वाचले होते. त्याच्या प्रश्नास उत्तर देण्याचा प्रयत्न आपण येथे करू या.

‘मनासारखा’ म्हणजे काय?

प्रथम शब्द पाहू. जुन्या कराराच्या मूळ इब्री भाषेत ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ असा शब्द आहे. इंग्रजीच्या प्रभावाने आपण त्याचे भाषांतर पुष्कळदा ‘हृदय’ असे करतो, आणि आजच्या मराठीत हृदय म्हटले की भावना, प्रेम, हळवेपणा एवढेच डोळ्यांपुढे येते. इब्री माणूस मात्र ‘लेव’ने विचार करतो, बेत आखतो, निर्णय घेतो, आठवण ठेवतो. आपण मराठीत ‘मनात आणणे’, ‘मनावर घेणे’, ‘मन लावणे’ असे म्हणतो, त्यातील ‘मन’ ह्या अर्थाच्या फार जवळ आहे. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी येथे ‘मन’ निवडले, ह्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

दुसरी गोष्ट. इंग्रजी शास्त्रात येथे ‘आफ्टर’ हा शब्द आहे. त्यावरून कित्येक उपदेशक असे सांगतात की दावीद देवाच्या हृदयाच्या ‘मागे’ धावणारा, त्याचा पाठलाग करणारा होता. उपदेश ऐकावयास गोड लागतो, पण मूळ शब्दात धावणे नाही. ‘किल्वावो’ म्हणजे ‘त्याच्या मनाप्रमाणे’, ‘त्याच्या मनास येईल तसा’. हेच रूप विसाव्या स्तोत्राच्या चौथ्या वचनात येते. तेथे राजाच्या मनाप्रमाणे त्याला मिळो, अशी प्रार्थना आहे. दावीद स्वतः २ शमुवेल ७:२१ मध्ये म्हणतो की देवाने हे सर्व आपल्या मनाप्रमाणे केले, म्हणजे आपल्या खुशीने, आपल्या निवडीने. आपण मराठीत ‘मनासारखे स्थळ मिळाले’ म्हणतो, तेव्हा त्या स्थळाच्या गुणांपेक्षा निवडणाऱ्याच्या मनाविषयीच अधिक बोलत असतो. शमुवेलाच्या वाक्याचे क्रियापदही पाहा : परमेश्वराने ‘शोधला’. त्या वाक्यात शोधणारा दावीद नाही. शोधणारा देव आहे.

येथे मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. ‘मनासारखा’ हे दावीदाच्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र नव्हे. दावीद तेव्हा मेंढरांमागे फिरणारा पोर होता आणि ते शब्द उच्चारले गेले तेव्हा त्याचे नावही कोणी घेतले नव्हते. उरीयाच्या बाबतीत शास्त्र दावीदाची बाजू घेत नाही. २ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायाचे शेवटचे वाक्य स्पष्ट सांगते की त्याने जे केले ते परमेश्वराच्या दृष्टीने वाईट होते. इतकेच नव्हे, मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशूची वंशावळ देतो तेव्हा शलमोनाच्या आईला तिच्या नावाने न ओळखविता उरीयाची बायको म्हणून ओळखवितो (मत्तय १:६). सुमारे हजार वर्षे लोटली होती, राजवंश आला आणि गेला, तरी पवित्र आत्म्याने उरीयाचे नाव पुसू दिले नाही. मसीहाच्या वंशावळीत ते आहे. त्या मुलाला हे त्याच वेळी सांगता आले असते.

पिता म्हणून दावीद

‘मनासारखा’ ह्या शब्दाचा दुसरा अर्धा भाग दावीदाच्या घरात उलगडतो, आणि तेथे चित्र सुखावह नाही. अम्नोनाने तामारेवर अत्याचार केला तेव्हा दावीद संतापला, पण त्याने काही केले नाही (२ शमुवेल १३:२१). अबशालोम निर्वासनातून परत आला, त्याच यरुशलेमात राहिला, आणि दोन वर्षे त्याला बापाचे तोंड दिसले नाही (२ शमुवेल १४:२८). अदोनीयाविषयी तर ग्रंथकार जाता जाता एक वाक्य लिहून ठेवतो, ज्यावर प्रत्येक बापाने थांबावे : तू असे का केलेस, असे विचारून त्याच्या पित्याने त्याला जन्मात कधी दुखविले नव्हते (१ राजे १:६). ज्याने इतकी स्तोत्रे रचली, त्याने आपल्या मुलाला एक प्रश्न विचारला नाही.

आयुष्याच्या अखेरीस मात्र दावीद एकदा नीट बोलतो. १ इतिहास २८:९ मध्ये तो सर्व वडिलांसमक्ष शलमोनाला सांगतो की आपल्या पित्याच्या देवाला ओळख, पूर्ण मनाने त्याची सेवा कर. त्यानंतरच्या शब्दांत इब्री भाषेची एक खुबी आहे, ती भाषांतरात सहज हरवते. परमेश्वर सर्वांची मने शोधतो, येथे ‘दाराश’ हे क्रियापद आहे. तू त्याला शोधशील तर तो तुला सापडेल, येथेही तेच ‘दाराश’. देव मुलाच्या मनाचा शोध घेत आहे आणि मुलाने देवाचा घ्यावयाचा आहे. बापाला ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहता येत नाही. तो फक्त दोघांची नावे एका वाक्यात घेऊ शकतो. आणखी एक : ‘पूर्ण मन’ ह्यासाठी ‘लेव शालेम’ असे शब्द आहेत. शलमोनाचे इब्री नाव ‘श्लोमो’. बापाने मुलाच्या नावातच त्याचा धडा बांधून दिला.

त्याच प्रसंगी दावीदाने शलमोनाला मंदिराचा नकाशा दिला, आपल्या खाजगी भांडारातील तीन हजार किक्कार सोने आणि सात हजार किक्कार रुपे मंदिरासाठी दिले (१ इतिहास २९:४). नकाशा पोहोचला. सोने पोहोचले. मंदिर उभे राहिले. आणि शलमोनाच्या म्हातारपणाविषयी १ राजे ११:४ काय म्हणते? त्याचे मन परमेश्वराशी ‘शालेम’ राहिले नाही. तोच शब्द. देता येण्याजोगे होते ते सर्व बापाने दिले होते.

आपल्याच मंडळीतील एक घर

हे केवळ राजवाड्यात घडत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीला ठाऊक असलेले एक घर आठवा. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा त्याच दिवशी झाला नाही, त्याच वर्षीही झाला नाही. त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांचे आसरे घेतले, अतोनात सोसले. पुढे पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपली वेगळी चूल सोडली नाही. टिळकांच्या श्रद्धेचा उजेड त्या घरात भरपूर होता, तरी तो लक्ष्मीबाईंचा झाला नव्हता. नंतर एके दिवशी, माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला एकाएकी पटली आणि सोवळ्याची भिंत आतूनच कोसळली. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली.

मधल्या पाच वर्षांकडे आपण सहसा टिळकांच्या बाजूने पाहतो. लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही पाहावे. त्या पतीच्या मागोमाग मुकाट्याने गेल्या असत्या तर मंडळीला एक सभासद अधिक मिळाला असता, पण ‘स्मृतिचित्रे’ मिळाली असती की नाही ह्याची मला शंका आहे. त्या ग्रंथातील स्वच्छ, निर्भय आवाज हा उसन्या श्रद्धेचा आवाज नव्हे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते महाकाव्य पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. पुत्र देवदत्त आणि नातू अशोक ह्यांनी पुढे ह्या साहित्याची निगराणी केली. ह्या घराकडे बोट दाखवून ‘ख्रिस्ती परंपरा’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या परंपरेचा दुसराच दुवा पाच वर्षे तुटलेला होता आणि तो कोणा माणसाने जोडला नाही, हे विसरू नये.

जे लपविले नाही

आता अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्राकडे वळू. कौटुंबिक उपासनेविषयी बोलताना ह्याची पहिली आठ वचने हमखास वाचली जातात. त्यांत चार पिढ्या आहेत : आमचे पूर्वज, आम्ही, आमची मुले, आणि अजून जन्मास न आलेली त्यांची मुले. आसाफ म्हणतो की आपण हे मुलांपासून लपविणार नाही. आपण येथेच पुस्तक मिटतो आणि लपवावयाचे नाही ते म्हणजे देवाची महत्कृत्ये, असे समजतो. ती आहेतच. परंतु आठवे वचन सांगते की मुलांनी आपल्या पूर्वजांसारखे हट्टी होऊ नये, ज्यांचे मन स्थिर नव्हते. आणि स्तोत्र पुढे बहात्तर वचनांपर्यंत जाते. त्यांत बापजाद्यांच्या कुरकुरीचा, विसराळूपणाचा, खोट्या पश्चात्तापाचा पाढा आहे. इस्राएलाने हे स्तोत्र मंदिरात गाइले. आपल्या आजोबा-पणजोबांची लाजिरवाणी कहाणी मुलांसमोर सुरात गाइली.

आमच्या घरांतून असे होत नाही. आम्ही मुलांना आजोबांचा बाप्तिस्मा सांगतो, पणजोबांनी सोसलेला छळ सांगतो, मिशनच्या शाळा आणि इस्पितळे सांगतो. मंडळीतील जातीच्या पंक्ती, मालमत्तेवरून झालेले कज्जे, वर्षानुवर्षे न बोलणारे सख्खे भाऊ, हे सांगत नाही. मुलांना ते बाहेरून कळतेच. मग त्यांना वाटते की जे आईबाप हे लपवितात, ते देवाविषयीही पुरते खरे सांगत नसतील. तरुण मंडळीतून का जातात ह्याची कारणे शोधताना आपण दूरदर्शन, मोबाइल, शहरी जीवन ह्यांची नावे घेतो. मला ही कारणे दुय्यम वाटतात. घरात सत्य बोलले जाते की नाही, हे मूल फार लवकर ओळखते.

अनुवाद ६:२० मध्ये मुलगा विचारतो, ह्या विधींचा अर्थ काय? बापाने द्यावयाचे उत्तर विधीपासून सुरू होत नाही. ते गुलामगिरीपासून सुरू होते : आपण मिसरात फारोचे दास होतो. आपण कोण होतो हे आधी, देवाने काय केले हे त्यानंतर. दावीदाच्या घराचे सत्य त्या अकरावीतल्या मुलाला सांगावयास आपण का भ्यावे?

भाषेचा प्रश्न

दिल्लीसारख्या ठिकाणी ह्याला आणखी एक बाजू आहे. आजीचे मराठी पवित्र शास्त्र नातवाला वाचता येत नाही. हे दुःख लहान नाही, आणि भाषांतराचे काम करणाऱ्याला तर ते अधिकच टोचते. मयूर विहारात मल्याळी ख्रिस्ती बंधुभगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याही घरांतून हाच प्रश्न ऐकू येतो. काहींना वाटते, भाषा गेली की श्रद्धा गेली. मला तसे वाटत नाही, जरी मराठी जावी असेही मला मुळीच वाटत नाही.

मराठीतील नवा करार श्रीरामपूरच्या मिशनने (बंगालमधील श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) १८११ साली छापला. तेव्हापासून आजवर किती वेळा मराठी भाषांतर नव्याने झाले, सुधारले गेले! प्रत्येक वेळी जुन्या भाषेवर जीव असलेल्या वडिलांना ते खटकले असणार. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षे संपूर्ण शास्त्राच्या भाषांतराला दिली. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या ह्या विदुषीने मुद्दाम साधी मराठी निवडली, कारण समोर अक्षरे नुकतीच गिरवू लागलेल्या स्त्रिया होत्या. आपल्या विद्वत्तेची भाषा त्यांनी पुढच्या पिढीसाठी बाजूला ठेवली. कन्या मनोरमाबाई १९२१ साली वारल्या, रमाबाई १९२२ साली. ते शास्त्र मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले १९२४ साली. जिने वारसा घ्यावयाचा ती नव्हती, जिने द्यावयाचा तीही नव्हती. वाचणारे मात्र होते.

म्हणून आजी-आजोबांना एक विनंती. नातवाला मराठी जरूर शिकवा, पण तो मराठी शिकेपर्यंत देवाचे वचन थांबवून ठेवू नका. एकच अध्याय आजीने मराठीत वाचावा, नातवाने हिंदीत. दोहोंतील शब्द जेथे वेगळे दिसतील तेथे थांबून एकमेकांना विचारावे. मी कितीतरी वेळा पाहिले आहे की अशा ठिकाणी खरा अभ्यास सुरू होतो.

ज्यांची मुले अगदीच दूर गेली आहेत, त्यांनी योशीयाचे चरित्र वाचावे (२ इतिहास ३४). आजोबा मनश्शे, ज्याने पंचावन्न वर्षे राज्य केले आणि मंदिरातच मूर्ती मांडल्या. बाप आमोन, तसाच. मुलगा आठव्या वर्षी गादीवर आला आणि सोळाव्या वर्षी, अजून पोरच असताना, दावीदाच्या देवाला शोधू लागला. येथेही ‘दाराश’. त्याला हे कोणी शिकविले? ग्रंथकार सांगत नाही. नियमशास्त्राचा ग्रंथ तर दहा वर्षांनी सापडला, आणि सापडला कोठे? परमेश्वराच्या मंदिरातच. देवाच्या घरात देवाचे वचन हरवू शकते, आणि एखादी पिढी पूर्ण गाळून देव पुढच्या पिढीत एका मुलाचे मन शोधू शकतो.

‘अद्याप’

शेवटी आपल्या पहिल्या शास्त्रपाठाकडे येऊ. यहोशवानंतरच्या पिढीविषयी शास्ते २:१० म्हणते की तिला परमेश्वराची ओळख नव्हती. त्या लोकांना यार्देनेची गोष्ट ठाऊक नसेल असे नव्हे, गिलगालचे बारा धोंडे तेथेच होते. ‘यादा’ हे ओळखीचे क्रियापद आहे, माहितीचे नव्हे. १ शमुवेल २:१२ मध्ये एलीचे पुत्र हफनी आणि फिनहास ह्यांच्याविषयी तेच म्हटले आहे : याजक असून परमेश्वराची ओळख नाही. आणि पुढच्याच अध्यायात, ३:७ मध्ये, बाळ शमुवेलाविषयीही तेच! मंदिरात झोपणाऱ्या, हन्नाने नवसाने दिलेल्या त्या मुलालाही परमेश्वराची ओळख नव्हती. फरक एका लहानशा शब्दाचा आहे : ‘तेरेम’, म्हणजे ‘अद्याप’. आपल्या मुलांविषयी बोलताना आपण हा शब्द किती सहज गाळतो!

एलीकडे लक्ष द्या. त्याची दृष्टी मंद झाली आहे, स्वतःच्या मुलांच्या बाबतीत तो हरला आहे. तरी तिसऱ्या खेपेस त्यालाच उमगते की मुलाला हाक मारणारा कोण आहे. तो शमुवेलाऐवजी उठून देवाला उत्तर देत नाही. तो त्याला एक लहानसे वाक्य शिकवितो आणि परत त्याच्या जागी निजावयास पाठवितो. गंमत अशी की मुलाने ते वाक्य जसेच्या तसे म्हटले नाही. एलीने शिकविलेल्या वाक्यात परमेश्वराचे नाव होते. शमुवेलाने ते गाळले (वचने ९ व १० ताडून पाहावीत). भीतीने असो, संकोचाने असो. देवाने त्याला त्यासाठी थांबविले नाही. तो बोलू लागला.

आणि जे बोलला ते एलीच्याच घराविरुद्ध होते. सकाळ झाली. शमुवेलाने मंदिराची दारे उघडली, रोजचे काम केले, आणि रात्रीचे ते दर्शन सांगावयास तो भ्याला. तेव्हा एलीने त्याला ‘माझ्या मुला’ अशी हाक मारली आणि देव काय बोलला ते विचारले. दावीदाने अदोनीयाला जे कधी विचारले नाही, तसे काही ह्या म्हाताऱ्याने परक्याच्या लेकराला विचारले, आणि माझ्यापासून काहीही लपवू नकोस, अशी शपथ घातली. मुलाने सर्व सांगितले. एलीने ते मध्येच तोडले नाही, प्रार्थनेच्या जागी असे बोलू नये असे म्हटले नाही. सगळे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला की हा परमेश्वर आहे, त्याच्या डोळ्यांना बरे दिसेल ते तो करो. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना फारसे दिसत नव्हते.